चढावर गेलेली जीप

बाजाराच्या दिवशी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, धडगावच्या थांब्यावर उभी असलेली एक जुनी डिझेल जीप सुरू झाली आणि चढाच्या दिशेने साडेसहा मीटर गेली. आत कोणीही नव्हते. चावी चालकाच्या खिशात होती. चालक त्या वेळी दीडशे मीटर अंतरावरच्या मोबाइलच्या दुकानात उभा होता. दुकानातल्या कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले होते.

जीप दगडी कठड्याला टेकून बंद पडली. कठडा आणि बंपर यांच्यामध्ये रूपलीबाई नावाच्या साठीतल्या बाईंचा पाय सापडला. हाड दोन ठिकाणी मोडले.

तिसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक रुचिका गिरासे नंदुरबारहून घाट चढून पोलीस ठाण्याच्या आवारात पोहोचल्या, तेव्हा थांब्यावरून ओढून आणलेल्या जीपला पुन्हा दोर बांधलेला होता आणि पुढे ट्रॅक्टर घरघरत उभा होता.

"हे काय चाललंय?"

"मालक गाडी न्यायला आलेत," हवालदार भिला म्हणाले. "पंचनामा झाला, मॅडम. तुमची सही तेवढी बाकी आहे."

"तपासणी बाकी आहे. ट्रॅक्टर बंद करा."

जीपचे मालक नवनीत चौधरी शहाद्याकडचे बागायतदार होते. पांढरा सदरा, हातात दोन मोबाइल. ते पुढे आले आणि गाडी अडवल्याबद्दल अहिराणीत बोलू लागले. "मॅडम, मन्ही गाडी दोन दिवसफाईन आठे सडी ऱ्हायनी. ड्रायव्हरनी चूक, अन् शिक्षा माले?"

"ड्रायव्हरची चूक कोणती?"

"चोरून तिसरी चावी बनाडी. कोना तरी पोऱ्याले दिन्ही. त्यानी गाडी चालाडी अन् पळी गया. दुसरं काय व्हई?"

पोलिसांचे मतही तेच होते. चालक जहीर कोठडीत होता. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा न्यायालयात उभे करायचे होते. बिनपरवाना माणसाच्या हाती गाडी दिल्याचे सिद्ध झाले असते, तर बारा वर्षे सांभाळलेला त्याचा परवाना गेला असता. त्याला दुसरा धंदा येत नव्हता.

त्याला बाहेर आणले गेले. तो जीपकडे पाहायला तयार नव्हता.

"चावी किती?" रुचिकांनी विचारले.

"दोन. एक माझ्याकडं, एक शेठकडं."

"तिसरी?"

"नाही, मॅडम. कसम सांगतो."

"चावीशिवाय ही गाडी सुरू होते का?"

जहीरने नवनीतांकडे पाहिले. मग जमिनीकडे. "नाही होत."

"मग ती सुरू कोणी केली?"

"तेच तर कळत नाही. थांब्यावरचे लोक म्हणतात, गाडीत काहीतरी शिरलंय."

"मॅडम, मग गाडीलाच अटक करू का?" भिला हसले. बाकी कोणी हसले नाही.

"गाडी लावलीत तेव्हा गिअर कोणता होता?"

"पहिला. शिवाय घाटात जोर मिळायला लावतो तो खालचा गिअरही तसाच होता. हँडब्रेक धरत नाही ना. तोंड चढाला होतं, म्हणून मागच्या चाकाला दगड लावला."

"दगड नंतर कुठे सापडला?"

"होता तिथंच," भिलांनी पंचनाम्यात पाहून सांगितले. "चाक पुढं गेलं, दगड मागं राहिला."

रुचिकांनी गिअर सुटा असल्याची खात्री केली, चावी मागितली आणि ती कुलपात घालून फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. पुढे, जिथे इंजिन फिरवणारा सेल्फ लागायला हवा, तिथे काहीच झाले नाही. त्यांनी नवनीतांकडची दुसरी चावी घेतली. तोच परिणाम.

"बॅटरी उतरनी व्हई," नवनीत म्हणाले.

रुचिकांनी हेडलाइट लावले. भर दुपारीही त्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर दिसला. हॉर्न दाबताच झाडाखालचे कुत्रे उठून पळाले.

"बॅटरी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हवालदार, अपघाताच्या सकाळी ही जीप थांब्यावर कशी आली?"

"चालत आली. प्रवासी घेऊन."

"सेल्फवर सुरू होऊन?"

"हो. साक्षीदार आहेत."

"म्हणजे तीन दिवस तुम्ही शोधताय की चावी कोणाच्या हातात होती. आणि या चावीने ही गाडी सुरूच होत नाही."

भिलांनी टोपी काढून हातात घेतली.

रुचिका पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली सरकल्या. तिथे रुपयाएवढे एक गोल भोक होते. आजूबाजूच्या पत्र्यावर घाटातल्या लाल धुळीचा थर होता. भोकाभोवतीचे एक वर्तुळ मात्र स्वच्छ होते. मागे दोन वायरी लोंबत होत्या. त्यांची तोडलेली टोके नव्या तांब्यासारखी लख्ख होती.

"अपघातानंतर या जीपमध्ये पोलिसांखेरीज कोण बसले होते?"

"जहीर नाही. त्याला आम्ही त्या दुपारी दोन वाजताच ठाण्यात आणलं," भिला म्हणाले. "मालक तीन वाजता आले. कागदपत्रं काढायला बसले होते, दहा-पंधरा मिनिटं."

"मी कशालेबी हात लाया नई!" नवनीतांचा आवाज चढला.

रुचिकांनी बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि पुन्हा बंद केले.

"बॉनेटवर माणसे बसवता?"

"बाजाराच्या दिवशी सगळेच बसवतात, मॅडम," जहीर पुटपुटला. "आधी बसेल त्याची जागा."

प्रत्यक्षदर्शी म्हणून उदेसिंग नावाच्या डोंगरपाड्यावरच्या शेतकऱ्याचा जबाब नोंदवलेला होता. त्याला बोलावून घेतले. जबाबाप्रमाणे तो पानाच्या टपरीपाशी उभा होता.

"जीप किती वेळ उभी होती, दादा?"

"लई नाही. पत्रा अजून चटका देत होता."

"टपरी जीपपासून किती लांब?"

"असंल वीस पावलं."

"वीस पावलांवरून चटका बसत नाही."

उदेसिंगने उपरणे चाचपले. "बाई, मी काही केलं नाही. मला केसमध्ये घेऊ नका. पेरणीचे दिवस आहेत."

"बॉनेटवर बसणे हा तुमचा गुन्हा म्हणून मी लिहिणार नाही. पण खरे सांगितले नाही, तर हा माणूस उद्या न केलेल्या गोष्टीसाठी उभा राहील."

उदेसिंगने प्रथमच जहीरकडे पाहिले. "जागा धरायला चढलो. बसलो आणि खालून गाडी ओरडली. मी उडी मारली. ती वर चालली. मी पळालो. माझ्यामुळं झालं म्हणतील, म्हणून सांगितलं नाही."

रुचिकांनी गिअर सुटा असल्याची पुन्हा खात्री केली, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून दोरीने बांधला. चावी त्यांनी भिलांच्या हातात ठेवली.

"बसा."

उदेसिंग बॉनेटच्या मधोमध बसला. काहीच झाले नाही. नवनीतांनी सुस्कारा सोडला. ट्रॅक्टरवाल्याने घड्याळ पाहिले.

"तिथेच बसला होता?"

"नाही. डावीकडं. मध्ये कोणाचं तरी गाठोडं होतं."

तो एक हात डावीकडे सरकला. पत्रा किंचित वाकला, आणि चावी नसलेल्या जीपचा सेल्फ घरघरू लागला. उदेसिंग ओरडून खाली उतरला. आवाज थांबला.

भिलांनी हातातल्या चावीकडे पाहिले.

"आता ऐका," रुचिका म्हणाल्या. "कुलूप झिजल्यामुळे चावीने सेल्फ लागत नव्हता. नवे कुलूप बसवण्याऐवजी सेल्फला डॅशबोर्डखाली वेगळे बटण जोडले. जहीरभाई, रोज तेच दाबत होता?"

जहीरचे डोळे भरून आले. "आठ महिने. तीनदा म्हटलं, शेठ, कुलूप बदला. बटणाचं सांगितलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असता, गाडी कोणालाही चालू करता येईल अशी सोडली."

"तुमच्या या खोट्यामुळेच तुमच्यावर संशय आला. बटणाकडून सेल्फकडे जाणारी वायर बॅटरीवरून आडवी नेली होती. वर माणूस बसला की बॉनेट दबे. बॉनेटच्या आतल्या बाजूला ट्यूबच्या रबराचा तुकडा चिकटवलेला आहे. तो वायरीला बॅटरीच्या टोकावरच्या बोल्टवर दाबी. आठ महिन्यांत वायरीचे आवरण खालून कापले गेले. त्या दिवशी उघडे तांबे बोल्टला टेकले आणि सेल्फला सरळ वीज मिळाली."

"पण चावी नसताना इंजिन कसं चाललं?" भिलांनी विचारले.

"हे जुने डिझेल इंजिन आहे. त्याला ठिणगी लागत नाही. इंजिन बंद करून सोडला की नॉब परत आत जातो; तो ओढलेला नसेल, तर एकदा फिरल्यावर इंजिन चालत राहते. गाडी गिअरमध्ये होती, म्हणून चढावरही पुढे गेली. दगड मागे होता. तो मागे जाणारी गाडी अडवतो, पुढे जाणारी नाही."

त्या नवनीतांकडे वळल्या. "अपघाताचे समजताच तुम्हाला बटण आठवले. कागदपत्रांच्या निमित्ताने बसून ते तुम्ही काढले, वायरी तोडल्या आणि तिसऱ्या चावीची गोष्ट सांगितली. दोष बटणात आहे, असे तुम्हाला वाटले; म्हणून बॉनेट उघडलेच नाही. बटण कुठे आहे?"

नवनीतांनी ट्रॅक्टरवाल्याला हाताने थांबण्याची खूण केली आणि आपल्या मोटारीचा पुढचा खण उघडला. बटण तिथे होते. अर्धी वीत वायर त्याला अजून चिकटलेली होती.

"एवढुसा बटणमुये..." ते म्हणाले आणि वाक्य अर्धेच सोडले.

भिलांनी बटण कागदात गुंडाळून मोहरबंद केले. जहीर पायरीवर बसला. त्याने पाणी मागितले.

रुचिकांनी ठाण्याच्या टेबलावरच अहवाल लिहिला. शेवटच्या रकान्यात त्यांनी नोंदवले: "वाहन कोणीही चालवले नाही. झिजलेल्या कुलपाऐवजी मालकाने बसवून घेतलेल्या बटणाची वायर बॅटरीच्या धन टोकावरून नेलेली होती. बॉनेटवरील प्रवाशाच्या भाराने वायरीचा उघडा भाग त्या टोकाला टेकला व सेल्फ लागला. वाहन पहिल्या गिअरमध्ये व हँडब्रेक निकामी असल्याने पुढे गेले. बटण अपघातानंतर मालकाने काढले. बॉनेटवर प्रवासी बसवणे व बटणाची माहिती लपवणे ही चालकाची चूक आहे. तिसरी चावी अस्तित्वात नाही."