चाकावरचा गुलाल

“आज संध्याकाळी माझ्यावर गुन्हा दाखल होईल,” विद्याश्री म्हणाली. “आणि सासऱ्यांनी सांगितलंय, घरातल्या कुठल्याही गाडीला पुन्हा हात लावायचा नाही.”

१९९७ सालचा मार्च होता. शाहूपुरीतल्या आपल्या लहानशा कचेरीत खासगी गुप्तहेर क्रांती इंगळे ऐकत होती. शेजारी तिचा मदतनीस, निवृत्त हवालदार बाळासो, चहा फुंकून पीत होता.

“काय घडलं ते क्रमानं सांगा.”

“काल नवी मारुती पूजेला जोतिबावर नेली. मी, माझे पती सोमशेखर, नणंद सुष्मिता आणि आमचा ड्रायव्हर गुंडू. पूजा झाली. किल्ली ताटात, ताट सीटवर राहिलं. सगळे गर्दीत पांगलो. मी देवळात असताना कुणीतरी गाडी काढली आणि नारळवाल्या धोंडुबाईंना धडक दिली. त्यांचा पाय मोडला. लोकांचं लक्ष गाडीकडं गेलं तोवर आत कुणी नव्हतं.”

“मग तुमचंच नाव का?”

“स्टिअरिंगवर गुलालाचे दोन हात उमटलेत. घड्याळात दहा आणि दोन असतात त्या जागी. ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवतात तसं मी तिथंच धरते.” तिनं हवेत चाक धरून दाखवलं. अंगठे आतल्या बाजूला वळले होते.

तासाभरात क्रांती आणि बाळासो जोतिबावर पोचले. पोलिसांनी गाडी जागची हलवू दिली नव्हती. पुढची चाकं उजवीकडं पुरती वळलेली होती, त्यामुळे स्टिअरिंगची मधली दांडी तिरकी उभी होती. दहावर एक ठसा, दोनवर एक. बोटं कडेमागं गेलेली, अंगठे कडेवर लांब टेकलेले. कोरड्या गुलालात बोटांच्या रेषा उमटल्या नव्हत्या. बाकीचं स्टिअरिंग लख्ख होतं.

“सरळ हाय की, मॅडम,” बाळासो म्हणाला. “दहा आन् दोन. बाईंचंच हात.”

“सरळ नाही, बाळासो. वाकडं आहे,” क्रांती म्हणाली.

विद्याश्रीच्या घरासमोर क्रांतीनं आपली फियाट मुद्दाम वाट अडवून लावली.

“जरा पुढं घेता का?” तिनं गुंडूला विचारलं.

गुंडूनं एका हातानं स्टिअरिंग वरच्या टोकाला धरलं, अंगठा कडेभोवती वेढलेला. दुसरा हात गिअरवरून हलला नाही. “वैनीसाब शिकल्या, आता मला कोण इचारतंय?” तो पुटपुटला. “जुनी ॲम्बॅसिडर हाय तवर मी हाय.”

सुष्मितानं गाडी मागं आणली. दहा-दोनवर घट्ट मुठी, अंगठे मुठीत गडप.

“तुम्हीही त्याच शाळेत शिकलात?”

“व्हय. मी दोनदा नापास. वैनी पहिल्या फटक्यात पास, आन् पेढे मला वाटायला लावलं!”

“मॅडम,” बाळासो कुजबुजला, “गाडी किती येळा हलवायची?”

“एकदाच आणखी.”

सोमशेखर हसत गाडीत बसला. त्याचे हात चाकाच्या खालच्या अंगाला, अंगठे कडेवर सैल टेकलेले.

“तुम्ही कुठं शिकलात?”

“शिकायचं काय त्यात? कुरुंदवाडला आमच्या रानात जन्मभर ट्रॅक्टर चालवलाय.” मग कुणी न विचारता तो बोलला, “परवा आमचे वडील, आण्णा, बायकोनं चालवलेल्या गाडीत कुरुंदवाडपासनं घोरत आले. माझ्या शेजारी कधी डोळा मिटला न्हाय म्हाताऱ्यानं.”

तो हसला. क्रांती हसली नाही.

“ट्रॅक्टर म्हटलं की आमचा मामा आठवतोय,” बाळासो नंतर म्हणाला. “ढेकळावर पुढचं चाक आपटलं, स्टिअरिंग गर्रकन फिरलं आन् आत अडकलेला अंगठा मोडला.”

क्रांती थबकली. “बाळासो, आज तुम्ही कामाचं बोललात.”

संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात सगळे जमले. सासरे आण्णा खुर्चीत ताठ बसले होते.

“चाकं पूर्ण वळलेली आहेत,” क्रांतीनं सुरुवात केली. “म्हणजे स्टिअरिंगही फिरलेलं. सरळ असताना दहा-दोनवर उमटलेले ठसे स्टिअरिंगबरोबर फिरून भलतीकडं गेले असते. आज ते बरोबर दहा-दोनवर दिसतात, म्हणजे गाडी थांबल्यावर उमटले.”

“वळवताना हात बदलून पुन्हा तिथंच धरलं असंल की,” बाळासो म्हणाला.

“मग हात फिरले तिथं सगळीकडं गुलाल फासला असता. चाक कुणीतरी पुसलं, नंतर दोन हात दाबले. विद्याश्रीबाईंवर आळ यावा म्हणून.”

“कुणी?” आण्णांनी विचारलं.

“हातांची जागा त्यानं हुबेहूब उचलली. अंगठे विसरला. दोघी नणंदा-भावजया अंगठा आत वळवतात. गुंडू दोन हात लावतच नाही, पण नक्कल करताना लावले असते, म्हणून त्याचा अंगठाही पाहिला. चाकाला वेढा घातलेला होता. रानात ट्रॅक्टर चालवणारा अंगठा आत घालत नाही, मोडतो. तो कडेवरच ठेवतो. तुमच्यासारखा, सोमशेखर.”

सोमशेखरनं हात मांडीखाली सरकवले.

“धडक चुकून बसली असेल. ठसे तुम्ही परत येऊन लावलेत.”

“गाडी नुसती फिरवून बघायची हुती,” तो खाली बघत म्हणाला. “बाई दिसलीच न्हाय. पळालो. परत आलो तर सगळे त्या बाईला उचलत हुते. वाटलं, बायकोच्या हातनं किल्ली तरी सुटंल.” त्यानं बापाकडं पाहिलं. “हिच्या शेजारी झोप लागती तुमास्नी. माझ्यावर कधी इस्वास ठेवला न्हाय.”

आण्णा खुर्चीतून पुढं झुकले.

“येड्या, भ्यानं जागा ऱ्हायचो व्हय मी? घरात तू दोन शब्द बोलत न्हाईस. गाडीत तेवढा बोलायचास. ते सोडून झोपू?”

सोमशेखरचा चेहरा पडला.

आण्णांनी ॲम्बॅसिडरची किल्ली सुनेपुढं धरली. तिनं ती लगेच घेतली नाही. मग घेतली.

“आधी दवाखान्यात, धोंडुबाईंकडं. मग चौकीवर,” विद्याश्री म्हणाली. “आण्णा, तुम्ही पुढं बसा.”

सोमशेखर उठला आणि सवयीनं पुढच्या दाराकडं निघाला.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही मागं.”