वरच्या पायरीचं कार्पेट

जिन्याला कार्पेट बसवायला माणूस कशाला बोलवायचा? कंपनीच्या गेस्ट हाऊसमधलं जुनं कार्पेट मला फुकटात मिळालं होतं, हातोडी घरात होती, बारीक खिळे तुर्भ्याहून आणले. जिना कडाप्प्याचा, त्या दगडात खिळा जात नाही, म्हणून प्रत्येक पायरीच्या आतल्या कडेला सोल्यूशनने लाकडी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर खिळे ठोकले. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या एका रविवारी वाशीच्या आमच्या रो-हाऊसचा काळा जिना मी एकट्याने झाकून टाकला. एकट्याने म्हणजे, नाना, माझे वडील, खालच्या पायरीवर खिळ्यांचा डबा धरून बसले होते.

"कडाप्पा गुळगुळीत आहे, नाना घसरतील," असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या बायकोला, स्मितालासुद्धा. नाना तर शेजारच्या गिरजाबाईंना हाका मारमारून सांगत होते, "माझ्यासाठी करतोय हो पोरगा. बापाची एवढी काळजी कोण करतं हल्ली?" मी मान खाली घालून खिळे ठोकत राहिलो.

खरं कारण माझी झोप. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये मेन्टेनन्सला. रात्रपाळी करून यावं, दुपारी जरा डोळा लागावा, तर नाना गच्चीवर खाडी बघायला निघायचे. काठीला लोखंडी टोपण. ठक. मग खोकला. ठक. "आलो रे देवा." ठक. आणि माझ्या दाराशी येऊन, "नंदू, झोपलास का रे?" अहो, झोपलेल्या माणसाला उठवून विचारायचं, झोपलास का! डोक्यात तिडीकच जायची.

कार्पेट बसलं आणि मी गाढ झोपलो. जिना गप्प.

थोड्याच दिवसांत हॉलच्या उघड्या लादीवरही काठी वाजेना. माझ्या डोळ्यांदेखत नानांनी ती टेकवली, आवाज नाही. मला वाटलं, प्लँटच्या गोंगाटात माझेच कान गेले. कंपनीच्या डॉक्टरने तपासले, ठणठणीत. मग खोकला गेला. म्हणजे खोकायचे, छाती हलायची, पण ऐकू काही यायचं नाही. स्मिता आधी खूश झाली, औषध लागू पडलं म्हणून. मग एका सकाळी ती ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि नाना मागे उभे राहून चहा मागत होते. नुसते ओठ हलत होते. तिला पत्ताच नव्हता.

"नाना, मोठ्याने बोला ना," ती रडकुंडीला आली. "अहो, बघा ना यांना काय झालंय!"

घशाच्या डॉक्टरला काही सापडलं नाही. "टेन्शन घेऊ नका," म्हणाला.

पंपाचं बेअरिंग बिघडलंय का, ते बघायची आमची एक पद्धत असते. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ कानाला. आतली बारीक कुरकुरसुद्धा ऐकू येते. त्या दुपारी झोप येईना म्हणून मी जिन्यावर बसलो होतो. काय मनात आलं कोण जाणे, स्क्रूड्रायव्हर आणला, कार्पेटवर टेकवला आणि मुठीला कान लावला.

आत नाना खोकत होते.

नाना तेव्हा समोर खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

मी एकेक पायरी ऐकली. ठक. ठक. "आलो रे देवा." पक्कड आणि सुरी घेऊन मी सगळ्यात खालच्या पायरीचं कार्पेट उचकटलं. ठक! अख्ख्या हॉलमध्ये घुमलं. एकदाच. नानांनी दचकून मान वर केली.

"नाना, काठी टेका."

त्यांनी टेकवली. मुकीच.

मी वेड्यासारखा वर वर उचकटत गेलो. आवाज सुटत होते आणि उघड्या दारातून बाहेर जात होते. नानांकडे एकही परतला नाही.

माझ्या खोलीसमोरची, सगळ्यात वरची पायरी तेवढी उरली. तिथे माझा हात थांबला. खाली येऊन मी नानांच्या पायाशी बसलो.

"तुम्ही घसराल म्हणून नव्हतं हो केलं. मला तुमचा आवाज नको होता. झोप हवी होती."

नाना मग उठले, उघडा जिना चढून त्या पायरीवर उभे राहिले आणि माझ्याकडे वळून बोलू लागले. बराच वेळ बोलले. मधेच डोळे पुसले. मला एक शब्द ऐकू आला नाही. लिहून द्या म्हणून मी पेन्सिल पुढे केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि वाकून, तळव्याने ते कार्पेट थोपटलं.

नाना गेल्या दिवाळीत गेले. शेवटपर्यंत मुके. ती पायरी मी उचकटलेली नाही. जे आहे ते एकदाच ऐकू येणार. शिव्या असतील तर सोसेन. माफ केलं असेल तर काय करू? स्क्रूड्रायव्हर लावायचीसुद्धा छाती होत नाही. रात्रपाळी सुटली, पण झोप काही परत आली नाही.

आज सकाळी स्मिताच्या पायाला त्या पायरीवर खिळा लागला. बघितलं तर कोपऱ्यातला खिळा अर्धा वर आलेला. मी हातोडीने पुन्हा ठोकला, पार आतपर्यंत.

आता दुपार झाली आहे. दोन्ही कोपऱ्यांतले खिळे निघून खालच्या पायरीवर पडलेत. मधला हलतो आहे.