एकच जिना

जुन्नरच्या जुन्या वाचनालयाचा सागवानी जिना दुपारपर्यंत सुटा होऊन टेम्पोत चढला. काळ्या दगडाच्या भिंती, बिडाचे खांब, दालनाभोवती चारी बाजूंनी फिरणारी लाकडी गॅलरी. आणि बांधणाऱ्याने सव्वाशे वर्षांपूर्वी वर जायला ठेवलेला हा एकच जिना. इमारत धोकादायक ठरली होती, उद्या सकाळी पाडायची होती. निदान जिना तरी वाचावा, म्हणून ग्रंथपाल रामदासांनी स्वतःच तो आधी काढायला लावला.

"आता वर जायचं तर पंख लावा, राव!" कुशाबा सुतार दोर आवळत हसला. "वरचं समदं उतरवलं न्हवं?"

"आठवड्यापूर्वीच. वर काही नाही."

टेम्पो गेला. रामदास कुलूप लावायला आत आले. पाच वाजले होते. तीस वर्षांचा हात. त्यांनी सवयीने दारामागची पितळी घंटा दोनदा वाजवली. घंटा झाली की वरचे वाचक, बरेचसे म्हातारे, खाली यायचे. सगळ्यांत शेवटी आरोही, त्यांची लेक. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

घंटेचा नाद विरला, आणि वर खुर्ची सरकली.

रामदास थिजले. वाळवीच्या औषधाच्या दर्पात आरोहीच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास मिसळला. पावलं गॅलरीच्या कडेने आली, जिना होता तिथे थांबली. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. वर नुसता काळोख.

"बाबा... जिना कुठाय?"

"आरू... मीच काढला गं..."

"पण घंटा झाली ना..."

"थांब. पुढं पाऊल टाकू नकोस. आलोच."

ते धावत समोरच्या सोहनलालांच्या दुकानात गेले. शिडी मागितली.

"आत्ता, सर? वर काही राहिलंय का?"

"राहिलंय."

परत येऊन शिडी गॅलरीला टेकवली. त्यांनी ती छातीशी गच्च धरली, मान वर केली.

"ये, बाळा. मी धरलीये."

"मी येईन हो, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "पण ह्या सगळ्यांना शिडीवरून नाही उतरता येणार..."

आणि तिच्या मागे, गॅलरीच्या चारी बाजूंनी, काठ्या टेकत पावलं येऊ लागली.