चाळिसावा चेहरा

लमीसला कुतैबा पहिल्यांदा दिसला तो गुडघ्यापासून खाली.

अम्मानमधल्या तिच्या स्टुडिओच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली होती. वरच्या फटीतून फक्त दोन मळके बूट दिसत होते.

"आत कितीजण?" बुटांनी विचारलं.

"मी एकटी. आणि तीन कॅमेरे."

"मग हसत राहा. दहा मिनिटांत काढतो."

बाहेर आल्यावर तिनं त्याचं किंचित वाकडं नाक पाहिलं, गालावरचं ग्रीस पाहिलं, आणि बाजारात टोमॅटो निवडावा तसं मनाशी ठरवलं... हा चेहरा हवा.

आजच्या अरबांचे चाळीस चेहरे ती टिपत होती. दातांचा डॉक्टर, ड्रम वाजवणारी मुलगी, नातवाला व्हिडिओ गेममध्ये हरवणारी आजी. एकोणचाळीस झाले होते. परदेशी गॅलरीवाल्यांना एखादा उंट चालला असता. तिला नको होता.

कुतैबा आला. प्रत्येकाला देते तशी तिनं त्याला कॉफी दिली, आणि विचारलं, "तुमच्या मते अरब म्हणजे कोण?"

"लिफ्टमध्ये आठजणांची मर्यादा असते. बाराव्याला जो 'या, या, जागा आहे' म्हणतो, तो."

ती हसली, कॅमेरा हलला. फोटो बिघडला.

तो पुन्हा आला, आणि पुन्हा. दर वेळी फोटोत काहीतरी राहून जायचं. त्याचे डोळे बोलता बोलता थांबल्यासारखे. आणि दर वेळी तो कप हातात घ्यायचा, समोरच्या टेबलावर अलगद ठेवायचा, आणि तसाच सोडून जायचा. लमीसनं वेलची वाढवली. मग दुकान बदललं.

"कॉफी आवडत नाही का हो?"

"फार आवडते."

"मग?"

"बघू..."

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "गुरुवारी दोह्याला चाललोय. तिथं नोकरी मिळालीय. इथं थांबायला तसं काही कारण नाही—" आणि त्यानं थेट भिंगात पाहिलं.

"हनुवटी जरा खाली," लमीस म्हणाली.

बुधवारी नुहादमावशी डबा घेऊन आली. दोरीवर वाळत घातलेले कुतैबाचे तीन फोटो तिनं चष्मा वर-खाली करून पाहिले.

"कोण गं हा?"

"लिफ्टवाला. चेहरा छान आहे, पण काही केल्या पकडता येत नाही."

"चेहरा राहू दे. टेबल बघ. तिन्ही फोटोंत कप काठोकाठ भरलेला."

"त्याला माझी कॉफी आवडत नाही, मावशी."

मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या आईला मागणी घालायला तुझ्या बाबांकडची माणसं आली, तेव्हा त्यांचे कप किती वेळ तसेच होते? मागणं मान्य होईपर्यंत आपल्यात कुणी घोट घेतं का? घरचा माणूस 'प्या आता' म्हणतो, तेव्हा हो समजायचं. मोठी अरब शोधायला निघालीय!"

लमीसनं तिन्ही फोटोंतले कप एकेक करून पाहिले. मग तिनं फोन लावला.

"लिफ्ट बिघडलीय."

पाच मिनिटांत तो दारात. लिफ्टनंच आला होता.

"चांगली चाललीय की..."

"हो."

तिनं कॉफी ओतली, कप त्याच्या हातात दिला. त्यानं सवयीनं तो टेबलावर ठेवला.

"तोंडानं विचारायला काय झालं होतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर? कप कसा, गुपचूप उचलून नेता येतो."

"तीनदा उचलला मी! तीनदा!" ती म्हणाली. आणि मग हळूच— "पी आता. गार होतेय."

 त्यानं कप उचलला.

"आणि काका-मामांना घेऊन रीतसर ये," ती कॅमेऱ्याआडून म्हणाली. "त्यांच्या कपांचंही बघावं लागेल."

प्रदर्शनात चाळिसाव्या फोटोत एक माणूस डोळे मिटून कॉफी पितोय. फोटो जरा हललेला आहे. परदेशी पाहुणे त्याच्यापुढून सरळ निघून जातात. अम्मानची माणसं थांबतात, रिकामा होत आलेला कप बघतात, आणि लमीसला विचारतात, "तारीख कधीची?"