तिसऱ्या मजल्यावरची शेवटची पेटी

घे की घर, मी कुठं नको म्हणतोय? तयार खोल्यांची इमारत म्हटली की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. कारखान्यात खोली बनवायची, फरशी-नळ-दिवे सगळं आतच बसवायचं, ट्रेलरवर घालून आणायची आणि क्रेननं उचलून एकावर एक ठेवायची. अशा कितीतरी इमारती मीच क्रेनवर बसून उभ्या केल्यात. एक सोडली तर बाकी कुठल्याही इमारतीत मी पाय पसरून झोपेन. ती कुठली, ते मात्र विचारू नका. आणि तू तो मोबाईल खाली ठेव. ऐकायचं तर नीट ऐक, नाहीतर झोपायला जा.

आमच्याकडे एक जोडारी होता, माझा जिवाभावाचा माणूस. सगळे त्याला दादाच म्हणायचे, कारण त्याचा धाकटा भाऊ बारक्या दिवसभर दादा, दादा करत त्याच्या मागं असायचा. बारक्या आपला नावाचाच, दारातून आत येताना मान वाकवावी लागायची त्याला. वडील गेल्यावर दादानंच त्याला या कामाला लावलं. आईनं एवढंच बजावलं होतं, "हूड आहे रे तो. त्याला नजरेआड करू नकोस." दादानं ते मनावर घेतलं होतं. पोरगं नीट जेवलं का, हातमोजे घातले का, सगळं बघायचा. आम्ही चेष्टा करायचो, की दादा, आता त्याचं नाकपण पूस.

दोघांचं काम एकच. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पेट्या जोडायच्या. खोलीला आम्ही पेटीच म्हणतो. सांगाड्याच्या चार कोपऱ्यांत चार बोल्ट. दादा या खोलीतून बोल्ट सरकवून पान्यानं धरून ठेवणार, बारक्या पलीकडच्या खोलीतून नट चढवून आवळणार. मध्ये जाड भिंत, ओरडून काही कळत नाही. म्हणून ठोकून बोलायचं. एक ठोका म्हणजे धर. दोन ठोके म्हणजे झालं, पुढचा घे. त्यांची जोडी इतकी जमलेली, की मधली भिंत त्यांना आडवी येतच नसे.

डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवारची रात्र, अमावास्या दोन दिवसांवर आलेली. तिसऱ्या मजल्यावरची शेवटची पेटी तेवढी यायची होती. तिची खिडकी वाकडी बसली होती, ती सरळ करून घ्यायला आणि पेटीबरोबर परत यायला दादानं बारक्याला कारखान्यात पाठवलं होतं. एवढा रुंद माल दिवसा रस्त्यावर आणू देत नाहीत, त्यामुळे ट्रेलर रात्रीच निघायचा.

आता यात एक गंमत होती. पेटीत पलंग, गादी, सगळं असायचं. मग बरोबरचा माणूस ड्रायव्हरशेजारी अवघडून कशाला बसेल? तो आत गादीवर ताणून द्यायचा. वळणावर दार उघडू नये म्हणून बाहेरून लोखंडी पट्टी लावून दोन बोल्ट आवळायचे. माणूस आत, दार बाहेरून बंद. करू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि करत सगळेच होते. दादापण.

निघताना बारक्याचा फोन आला. "दादा, राजासारखा झोपलोय. पोचलो की दार उघड."

"हत्यारांची पिशवी घेतलीस का?"

"उशाला आहे. झोपू दे आता."

मी खाली शेडमध्ये आडवा झालो. ट्रेलर आला की दादा मला उठवणार होता. तो वर गेला, शेवटच्या खोलीत. तिच्या उजव्या भिंतीपलीकडं मोकळी जागा, खाली गाड्या जायला तिन्ही मजले उघडी ठेवलेली वाट; तिच्यावर पुलासारखी नवी पेटी बसायची. दादानं चारी भोकांत बोल्ट घालून आत ओढून ठेवले. बॅटरी जमिनीवर ठेवली. ट्रेलरला उशीर होत होता. ड्रायव्हरला फोन लावला, लागेना. बारक्याला लावला, तोही लागेना. वाऱ्यानं ट्रेलर हळू आणत असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. भिंतीला टेकला. दिवसभराचा शिणलेला माणूस, डोळा लागला.

भिंतीवर ठोका पडला, तशी त्याला जाग आली.

एक ठोका.

दादाला इतकं हायसं वाटलं, की त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आला एकदाचा. आपण झोपलो तेवढ्यात पेटी चढवलीसुद्धा यांनी. त्यानं डोळे चोळले, खालचा बोल्ट पुढं सरकवला, पान्यानं धरला. बोल्टला पलीकडून पीळ बसायला लागला. ओळखीचा पीळ. बारक्या शेवटी एक झटका द्यायचा, तसाच झटका.

दोन ठोके.

"शाब्बास," दादा म्हणाला. "उशीर का रे झाला एवढा?"

भिंतीतून कुठलं ऐकू येणार?

दुसरा बोल्ट. एक ठोका... पीळ... दोन ठोके. जरा घाईत.

तिसरा. ठोका जोरात. झटका इतका मोठा, की पाना हातातून निसटता निसटता राहिला. दोन ठोके.

"हळू. कुणी मागं लागलंय का?"

चौथा. वरचा कोपरा. दादानं हात उंचावून बोल्ट धरला.

एक ठोका.

मग लगेच आणखी एक. मग आणखी... धर, धर, धर.

"धरलाय रे. धरलाय."

बोल्टला पीळ बसायला लागला. हळू, दमल्यासारखा. आणि तेव्हा दादाच्या ध्यानात आलं... क्रेनचा आवाज आलाच नव्हता. एवढी दहा-बारा टनांची पेटी वर येते, तर खालची फरशी हादरते. कुणी ओरडतं. शिट्टी होते.

काहीच झालं नव्हतं.

त्यानं हात काढला. खिडकीशी गेला. बाहेर वाकून पाहिलं.

क्रेन बांधलेली. आवारात ट्रेलर नाही. उजव्या भिंतीपलीकडं... काळोख. वारा. खाली तीन मजले मोकळे.

मागं भिंतीवर तळहात आपटायला लागले.

दोन्ही हातांनी. वर, खाली. सगळ्या भिंतीभर.

दादा भिंतीला जाऊन चिकटला. "बारक्या... दार कुठंय? अरे, इकडून दार नाही रे..."

आपटणं मंदावलं.

मग एकच... आणि मग काहीच नाही.

मी दादाच्या ओरडण्यानं उठलो. जिना चढून वर गेलो तर हा भिंतीला कान लावून बसलेला, आणि जमिनीवर फोन वाजत होता. दादानं घेतला नाही. मी घेतला.

ड्रायव्हर रडत होता. कालव्याच्या वळणावर पेटी ट्रेलरवरून घसरून पाण्यात गेली होती.

"लगेच बुडाली नाही," तो म्हणाला. "प्लास्टिकनं गुंडाळलेली होती ना, तरंगत राहिली. मी पोहत गेलो. पट्टीचे बोल्ट निघेनात. पाना त्याच्या पिशवीत... आत. दगडानं ठेचलं, हातानं ओढलं... आतून ठोकत होता हो तो."

दादानं माझ्या हातातून फोन घेतला. "कसा ठोकत होता?"

"आधी एक. मग थांबून दोन. परत एक... आम्हाला कळेचना काय सांगतोय ते. शेवटी नुसते हात आपटत होता."

दादानं फोन माझ्याकडं दिला. मी तिथं बसलो त्याच्याजवळ, उजाडेपर्यंत.

सकाळी मी बांधलेली क्रेन सोडवली. दुसऱ्या माणसाला चालवायला बसवलं आणि दादाला घेऊन क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून वर गेलो, त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला. तिथं पोचायला ना शिडी होती, ना परांची, ना पाय ठेवायला जागा. पत्र्याच्या भिंतीतून चार बोल्ट बाहेर आलेले. तीन बोल्टांवर नवे नट, पक्के आवळलेले. मी पाना लावून पाहिला, हलले नाहीत. चौथ्यावर नट होता, पण नुसता दोन आट्यांवर अडकलेला.

दादा त्याच्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला,

"मी सोडला रे. खिडकीशी गेलो ना... तेव्हा मी सोडला."