शेवटच्या अंकातली नोंद

मी बावीस वर्षं ग्रंथालयात सूची करते. पुस्तक हरवत नाही, चुकीच्या कप्प्यात जातं, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे आमच्या भागातल्या पक्षिनिरीक्षकांचं बंद पडलेलं त्रैमासिक जमवायला निघाले तेव्हा मी डगमगले नाही. रद्दीची दुकानं पालथी घातली, शाळांची कपाटं उपसली, शिंकून शिंकून बेजार झाले. चाळीस अंक मिळाले. शेवटचा तेवढा हुलकावणी देत होता.

मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. ते वेड धाकट्याचं, माझ्या भावाचं. चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी तो तळ्यावर गेला तो गेलाच. होडी उलटी सापडली, तो नाही. निघताना म्हणाला होता, "ताई, आज तरी चल ना." मी कूस बदलून झोपले. त्याची लाज मला आजही जाळते. शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का, एवढंच मला हवं होतं. एकट्याची नोंद ते त्रैमासिक छापत नसे; नोंदीच्या कार्डावर दुसऱ्या साक्षीदाराची सही लागायची. आणि शेवटच्या अंकात धाकट्याची त्याच सकाळची नोंद आहे, असं एका जुन्या वर्गणीदाराने कळवलं होतं.

अंक मिळाला एका कॉलेजच्या अडगळीत. पान सत्तावीस.

'पाणकावळे, अकरा. सकाळी सात दहा. निरीक्षक: स्वतः आणि थोरली बहीण.'

छपाईची चूक असणार. त्याच दुपारी मी माजी संपादकांचं घर शोधून काढलं. खांद्यावर शाल घेतलेले म्हातारे गृहस्थ. दार उघडून माझ्याकडे बघतच राहिले.

"या, बसा. बऱ्याच वर्षांनी आलात."

"मी पहिल्यांदाच येतेय."

"असं कसं? कार्ड तुम्हीच आणून दिलंत की. तो गेल्यावर आठवड्याने. कपडे चिंब होते तुमचे. ती खुर्ची वाळायला दोन दिवस लागले."

मी खुर्चीवरून उठले.

"अहो, त्या सकाळी मी घरी झोपले होते."

ते उठले. आतून बुटांचा खोका आणला आणि कार्डं चाळू लागले.

"हे घ्या. शेरा तेवढा आम्ही छापला नाही. पक्ष्याचा वाटेना."

वरची ओळ धाकट्याची. तेच घाईचं, उताराला लागलेलं अक्षर.

खाली माझी सही.

गेल्या वर्षी माझा उजवा हात मोडला. तेव्हापासून मी डाव्या हाताने लिहिते, बालवर्गातल्या मुलीसारखं. चौदा वर्षांपूर्वीच्या कार्डावर सही होती ती या डाव्या हाताची.

शेऱ्याच्या रकान्यातही तेच वेडंवाकडं अक्षर.

'एक. होडीला धरून. सात वीसपर्यंत हाका मारत होता.'