डबा क्रमांक ४०७१८ वरचा कोरा चौकोन

विश्वास ठेवा म्हणून मी कुणापुढे हात जोडणार नाही. ग्लेनच्या शवपेटीला ज्यांनी खांदा दिला त्यात मी होतो. माझ्यापुरतं तेवढं पुरे.

फेब्रुवारी २०१६. पेनसिल्वेनियातलं आमचं टॅनरी फोर्क. आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

मर्ल हॉस्टेटलर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. घराच्या तळघरात त्याची छोटी रेल्वे. आमच्या क्लबात सगळेच त्याच वेडाचे. मालगाडीचा डबा वीतभर लांब, पण त्याच्या अंगावरची अक्षरं खऱ्या डब्यावर होती तशीच हवीत. तीच जागा, तीच तारीख. पुराव्याला फोटो हवा.

क्लबाचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या डब्यात जो चूक काढेल, त्यानेच ती तिथल्या तिथे, स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची. उगाच नाकं मुरडणाऱ्यांना चाप बसावा म्हणून.

ग्लेन लाँगनेकरला त्या नियमाचा फारच आनंद व्हायचा. आदल्या वर्षी त्याने चाळीस माणसांदेखत मर्लचा डबा उचलला. डबा बांधल्याची तारीख एक, आणि वजन केल्याची तारीख त्याच्या महिनाभर आधीची!

"जन्माआधीच पोराचं वजन केलंस की रे, मर्ल."

सगळे हसले. ग्लेनने अक्षरं बदलायला वीस मिनिटं लावली. मुद्दाम. मर्ल महिनाभर घराबाहेर पडला नाही. ग्लेनचं नाव निघालं की त्याचे ओठ पांढरे पडत.

यंदा त्याला असा डबा करायचा होता ज्यात ग्लेनला एकही चूक सापडणार नाही. ब्लॅक क्रीक लाइन या जुन्या रेल्वेचा ४०७१८. त्याचा एकच फोटो शिल्लक होता, ऐंशीच्या घरातल्या अर्डिथ रुडिसिलबाईंकडे. त्यांचे वडील एबर त्या रेल्वेच्या यार्डात रंगारी होते.

मर्लने भिंग लावलं आणि तो चमकला.

खऱ्या डब्याचं रिकामं वजन ठरावीक काळाने पुन्हा करतात. जुना आकडा काळ्या रंगाने बुजवतात आणि त्या चौकोनात नवा छापतात. फोटोत चौकोन होता...

आकडा नव्हता.

बाईंनी सांगितलं. आकडा छापायच्या आधी एबर रंगाची बादली उचलायला दोन डब्यांच्या मध्ये वाकले. फोरमनने न बघता मागून डबे ढकलले. एबर मध्ये चिरडून गेले. मग काम आधीच संपलं होतं, रंगारी उगाच तिथे घुटमळला, असं दाखवायला फोरमनने तो आकडा स्वतः छापला.

नवव्या दिवशी फोरमन त्याच जागी सापडला. तसाच चिरडलेला. आणि चौकोन पुन्हा कोरा होता. हा फोटो तेव्हाचा.

"फोटो ने," बाई म्हणाल्या. "पण त्या चौकोनात काही लिहू नकोस. ते काम माझ्या बापाचं आहे."

मर्ल मनात हसला. कोरा चौकोन पाहिला तर ग्लेन सोडेल होय?

डबा रंगवून झाला त्या दिवशी दुपारी दोन वाजता तो तळघरात बसला. बायको चर्चच्या बाजारात गेलेली. तशाच दुसऱ्या एका डब्याचं वजन त्याने शोधून ठेवलं होतं. चिमट्याने पहिला आकडा चिकटवला.

टप्...

त्याने वर पाहिलं. कुणी नाही.

दुसरा आकडा.

टप्... टप्...

स्टेन्सिलवर रंगाचा कुंचला आपटावा तसा आवाज. आता पाठीमागून. अगदी कानाशी.

तो वळला. कुणी नाही. पण टेबलावरच्या हाताला काहीतरी लागलं... शेल्फवरचे दोन डबे टेबलावर होते. त्याच्या बोटाच्या दोन्ही बाजूंना.

ते जवळ येत होते.

प्लास्टिकचे दोन डबे. पण बोट सुटेना. नखाखाली रक्त साकळलं. मर्ल ओरडला, आणि दुसऱ्या हाताच्या नखाने त्याने दोन्ही आकडे खरवडून काढले.

आवाज थांबला. बोट सुटलं.

दुसरा कुणी असता तर त्याने तो डबा शेगडीत घातला असता. मर्ल बराच वेळ काळ्या नखाकडे बघत बसला. मग त्याला ग्लेन आठवला.

गुरुवारी त्याने डबा क्लबात आणला. चौकोन कोरा. नख कशाने काळं पडलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, दारात सापडलं.

ग्लेनने भिंग लावलं. त्याचा चेहरा उजळला.

"वजनच नाही? हवेत तरंगतो का रे तुझा डबा?"

मर्ल शांतपणे म्हणाला, "नियम माहीत आहे ना?" आणि त्याने चिमटा पुढे केला.

मर्लने शोधून ठेवलेले पाचही आकडे ग्लेनने बसवले. मी शेजारीच होतो. मला टपटप ऐकू आली. वाटलं, छपरावरचा बर्फ वितळतोय.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाला, ग्लेन गॅरेजसमोरचा बर्फ काढत होता. त्याचा पिकअप मागे सरकला. ग्लेन गाडी आणि गॅरेजच्या दाराच्या मध्ये सापडला. हँडब्रेक ओढलेला होता. पोलिसांनी लिहिलं, जमीन निसरडी होती.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये, बटाट्याच्या सॅलडची बशी हातात धरून, मर्लने मला हे सगळं सांगितलं. "मी काही लिहिलं नाही. मी फक्त चिमटा दिला," असं तो तीनदा म्हणाला. मला त्याची किळस आली. मी तसं बोललोही.

पण एबरला फरक पटला नसावा. चौकोन पुन्हा कोरा झालाय. आणि मर्लच्या तळघरातली टपटप आता थांबत नाही. कुणीतरी आकडे बसवले, की तेवढे नऊ दिवस थांबते, असं त्याचं म्हणणं.

म्हणून आता तो डबा दर गुरुवारी आणतो. दिव्याखाली ठेवतो. वाट बघतो. ग्लेनची गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेली आहे, त्यामुळे क्लबात कुणी चूक काढत नाही.

महिन्याभरापूर्वी एका गुरुवारी त्याने तो माझ्या हातात दिला. "तुझी नजर बारीक. काही चुकलंय का यात?"

"सगळं बरोबर आहे," मी म्हटलं. आणि डबा दिव्याखाली ठेवला.

मर्लने तो परत माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "पुन्हा बघ. घाई नाही."

मी क्लब सोडला. गुरुवारी दार लावून घरी बसतो. मर्लचं घर माझ्यापासून चौथं.

काल मंगळवार होता. दुपारी दोनला बेल वाजली... पायरीवर कुणी नव्हतं. पुठ्ठ्याचा एक छोटा खोका होता. मी अजून तो घरात घेतलेला नाही.